लॅम्पवर्क मणी: काचेचे रंग कसे पारखावेत, कसे मिसळावेत

लॅम्पवर्क म्हणजे टॉर्चच्या ज्योतीत काचेच्या कांड्या वितळवून धातूच्या सळीवर मणी घडवणं. निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा होतो, हा रंगपेटीचा नियम टॉर्चवर चालत नाही. गंधक असलेली पिवळी काच आणि तांब्यामुळे रंगलेली फिरोजी काच एकत्र वितळवली तर बहुतेकदा मळकट तपकिरी रंगच हाती येतो. काचेचा रंग धातूंच्या संयुगांतून येतो. गडद निळा कोबाल्टचा, फिरोजी तांब्याचा, जांभळा मँगनीजचा, भडक लाल-नारिंगी कॅडमियम आणि सेलेनियमचा, उंची गुलाबी सोन्याचा. एका कांडीतला धातू दुसरीतल्या घटकाशी काय करेल आणि ज्योतीत ऑक्सिजन किती आहे, यावर रंग ठरतो. म्हणून नवीन कांडी आणली की तिचा दागिना करण्याआधी नमुन्याचे मणी करावेत. काच थोडी खर्च होते, पण पुढचा सगळा अंदाज त्यातून येतो.

काच एकाच जातीची हवी

लॅम्पवर्कची मऊ काच बहुधा १०४ प्रसरणांकाची असते. तापल्यावर काच किती फुगते आणि निवताना किती आकसते, याचा हा आकडा. इटलीतल्या मुरानो परंपरेतली इफेत्रे काच याच जातीची. बुल्सआय ९० ची, बोरोसिलिकेट ३३ ची. १०४ आणि ९० या दोन काचा एका मण्यात आल्या, तर ५०० अंश उतरताना १० मिमी लांबीमागे त्यांच्या आकसण्यात ७ मायक्रॉनचा फरक पडतो. फरक दिसायला नगण्य असला तरी काचेला तेवढा ताण सोसत नाही. मणी लगेच फुटतो, नाहीतर आठवड्याने माळेत असताना.

आपल्याकडे नवशिक्यांचा हात आधी फुटक्या बांगड्यांकडे जातो. घरात हिरव्या चुड्याचे तुकडे असतात, सौंदत्तीच्या यात्रेतून आणलेल्या बांगड्या असतात. या तुकड्यांचा मणी होतो, पण त्यांचा प्रसरणांक कोणी लिहून ठेवलेला नसतो, त्यामुळे आयात कांडीबरोबर ते अंदाजाने मिसळू नयेत. सोनेरी नक्षी आणि चमकीच्या बांगड्या तर बाजूलाच ठेवाव्यात. वरचा लेप ज्योतीत जळतो आणि त्याचा धूर घातक असू शकतो.

दोन काचा जुळतात का, हे तार ओढून कळतं. दोन्हींचे तुकडे शेजारी शेजारी चिकटवा, न पिळता तापवा आणि साधारण १ मिमी जाडीची ३० सेंमी काचेची तार ओढा. थंड झाल्यावर तार सरळ राहिली तर आशा आहे. कमान झाली तर कमानीच्या आतल्या बाजूची काच जास्त आकसते आहे. अशी जोडी टाळावी. ही चाचणी ढोबळ आहे, पण वाईट जोड्या ती नक्की पकडते.

सळी, लेप आणि ज्योत

सळीसाठी बेळगावच्या उद्यमबागेच्या परिसरातल्या वेल्डिंग सामानाच्या दुकानात स्टेनलेसची टिग फिलर सळी मागा, १.६ किंवा २.४ मिमीची. मीटरभर सळीचे २५ सेंमीचे चार तुकडे करा आणि टोकं घासून बोथट करा. मणी नंतर सुटावा म्हणून सळीला मातीचा लेप द्यायचा असतो. तो धरावा म्हणून सळीवरून सँडपेपर फिरवायला विसरू नका.

लेपासाठी केओलिन, म्हणजे पांढरी चिनी माती, आणि बारीक अॅल्युमिना पूड मापाने समसमान घ्यावी आणि ताकापेक्षा दाट होईल इतकंच पाणी घालावं. खानापूरला खादी आयोगाचं कुंभारकाम प्रशिक्षण केंद्र आहे. त्या भागात चिनी मातीचं काम करणाऱ्यांना चांगली केओलिन कुठे मिळते ते माहीत असतं. कौलांची लाल माती इथे वापरू नये. तिच्यात लोह असतं, ती काचेला धरून बसते आणि मणी सळीवरून सुटत नाही. लेप पूर्ण वाळला पाहिजे. जून ते सप्टेंबरमध्ये बेळगाव-खानापूरच्या दमट हवेत तो दिवसभरातही सुकत नाही, म्हणून सळ्या कोमट भट्टीजवळ उभ्या ठेवाव्यात. ओलसर लेपातून वाफ निघते, लेपाचे पापुद्रे सुटतात आणि मण्याच्या भोकाशी बुडबुडे राहतात.

टॉर्च एलपीजी आणि ऑक्सिजनवर चालणारा. घरगुती सिलिंडर यासाठी वापरू नये. दोन्ही नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत नळीत मागे शिरू न देणारी झडप, लावा, ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीसचा हातसुद्धा लागू देऊ नका, आणि सिलिंडर साखळीने बांधा. डोळ्यांना डिडिमियमचा चष्मा हवा. काच तापली की सोडियमची पिवळी झळ डोळ्यांसमोर येते आणि तिच्यामागचा रंग दिसत नाही. चष्मा ती झळ गाळतो. समोर एक्झॉस्ट पंखा आणि अंगावर सुती कपडे असावेत, नायलॉनची ओढणी नको.

पिवळी टोकं जाऊन टॉर्चच्या तोंडाशी लहान, धारदार निळे सुळके दिसेपर्यंत ऑक्सिजन वाढवायचा. ही समतोल ज्योत झाली. नमुने याच ज्योतीत, सुळक्यांच्या टोकापासून ३-४ सेंमी पुढे करावेत. कांडी एकदम आत घातली तर टोक तडकून उडतं, म्हणून ती ज्योतीच्या बाहेरच्या कडेने हळूहळू आत आणा.

एका रंगाचे चार मणी

१२ मिमीच्या मण्याला सुमारे २ ग्रॅम काच लागते, म्हणजे ६ मिमी कांडीचे जेमतेम ३ सेंमी. प्रत्येक नव्या रंगाचे असे चार मणी करा.

पहिला मणी निव्वळ त्याच रंगाचा. दुसऱ्यात आत पांढऱ्या काचेचा गाभा आणि वर १ मिमीचा थर. पारदर्शक रंगांना हा मणी फार महत्त्वाचा. कोबाल्ट निळा किंवा गडद जांभळा सबंध मण्यात काळाच दिसतो, पण पांढऱ्यावर पातळ घातला की उजळून येतो. काही काळ्या कांड्याही तार करून पांढऱ्यावर ओढल्या की जांभळ्या निघतात. मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांशी मेळ घालायचा असेल तर गडद काळी म्हणून विकली जाणारी वेगळी कांडी घ्यावी.

तिसरा मणी अर्धा पांढरा, अर्धा हस्तिदंती, आणि दोन्हीकडे तपासायच्या रंगाचे ठिपके. यात सगळ्यात जास्त शिकायला मिळतं. फिरोजी ठिपका पांढऱ्यावर स्वच्छ राहतो, तर हस्तिदंतीवर त्याच्याभोवती बारीक काळसर कडा येते. हस्तिदंती काचेत गंधक असतो, फिरोजीत तांबं. दोघांच्या सीमेवर तांब्याचं सल्फाइड तयार होतं. ही कडा हवी असेल तर ठिपका जरा जास्त वेळ तापवून सपाट होऊ द्या. नको असेल तर मध्ये पारदर्शक काचेचा थर घाला. रेघ एकदा उमटली की पुसता येत नाही.

चौथा मणी अर्धा हस्तिदंती, अर्धा तपासायच्या रंगाचा, आणि वर चांदीचा वर्ख. वर्ख मिठाईच्या सामानाच्या दुकानात मिळतो, पण तो खरा चांदीचा आहे याची खात्री करून घ्यावी. बोटांत चोळल्यावर चांदीचा वर्ख विरून जातो, अॅल्युमिनियमचा मात्र गोळा होतो. वर्ख फार पातळ असतो, म्हणून दोन-तीन थर एकावर एक ठेवा. तापलेला मणी त्यावरून फिरवा, ग्रॅफाइटच्या पट्टीने दाबा आणि मगच ज्योतीत न्या. हस्तिदंतीवर चांदी वितळून तपकिरी-करड्या जाळ्या पसरतात. तपासायच्या रंगावर काय होतं, ते शेजारी दिसेल.

चारही झाले की त्याच रंगाचा एक छोटा तुकडा मुद्दाम ऑक्सिजन कमी करून धरून पाहा. फिरोजीवर विटकरी तांबूस साय येते. ही साय कोणाला शोभा वाटते, कोणाला डाग. ती कधी येते हे ठाऊक असलं म्हणजे झालं.

लाल-पिवळ्यांचा स्वभाव

कॅडमियमचे अपारदर्शक लाल तापलेले असताना काळसर तपकिरी दिसतात. मणी बिघडला असं वाटून लोक आणखी तापवतात, आणि तेव्हा तो खरंच बिघडतो. वितळून गोल झाला की मणी ज्योतीबाहेर धरा, लकाकी जाऊ द्या. निवताना लाल परत येतो. फार वेळ फार उष्ण ठेवला तर रंग यकृतासारखा मेलेला राहतो. म्हणून लाल, नारिंगी आणि पिवळे ज्योतीच्या टोकाकडे, ६-८ सेंमी पुढे चालवावेत.

पारदर्शक लाल आणि सोन्याचे गुलाबी यांचं तंत्र थोडं वेगळं. काही कांड्या पहिल्यांदा वितळल्यावर फिक्या किंवा पिवळसर दिसतात. लकाकी जाईपर्यंत मणी थंड करायचा आणि मंद ज्योतीत पुन्हा हलका तापवायचा, म्हणजे रंग उमलतो. एकदम न तापवता तीन-चार छोट्या फेऱ्या कराव्यात.

स्वतःची छटा

छटा बनवताना फक्त एकच गोष्ट बदला. तीन भाग पारदर्शक आणि एक भाग रंगीत काच असे तुकडे वजनाने मोजून घ्या, दोन कांड्यांच्या मध्ये वितळवा, पिळा, दुमडा, पुन्हा पिळा. सात-आठ घड्या झाल्या की रेघा मिटतात. मग तार ओढून ठेवा. कोबाल्ट फार जोरकस असतो, त्यासाठी दहास एकपासून सुरुवात करा. हिरवा हवा असेल तर हिरवी कांडीच घेऊन ती पारदर्शकाने फिकी किंवा पांढऱ्याने दुधट करावी. घड्या घालताना हवा अडकली तर छटेत बुडबुडे राहतात, म्हणून प्रत्येक घडी एका टोकाकडून दाबत आणावी.

भट्टी आणि तडे

मणी सळीसकट ५१५ अंशांच्या भट्टीत ठेवा. शेवटचा मणी आत गेल्यावर अर्धा तास, जाड मण्यांना एक तास हेच तापमान राखा. मग ताशी ५० अंशांनी ३७० पर्यंत उतरवा आणि भट्टी बंद करून तशीच निवू द्या. मध्येच लाईट गेली तर दार उघडू नका. लाईट आल्यावर सगळा क्रम पुन्हा चालवा. मणी निवले असतील तर ताशी १५० अंशांनी चढवून पूर्ण क्रम करावा. सिरॅमिक घोंगडीत ठेवलेला मणी भट्टीपर्यंत टिकतो इतकंच, त्याने आतला ताण जात नाही.

तडा कुठे गेला ते नीट पाहा. दोन रंगांच्या सांध्यावरून गेला तर काचा जुळत नाहीत. भोकापासून निघाला तर काम चालू असताना मण्याच्या बाजू निवल्या होत्या. काही दिवसांनी आडवा फुटला तर भट्टीचा क्रम कमी पडला. पारदर्शक मण्यातला ताण न फुटताही दिसतो. एलसीडी संगणकाच्या पांढऱ्या पडद्यासमोर मणी धरा आणि पोलराइज्ड गॉगल पडदा काळा होईपर्यंत फिरवा. रंगाच्या सांध्याभोवती उजळ वलय दिसलं तर ती जोडी वहीतून खोडा.

सळी काढताना मणी पाण्यात बुडवून पिळा. भोकातला लेप पाण्याखालीच घासा, म्हणजे त्याची धूळ उडत नाही. मग चारही नमुने एका तारेत ओवून चिठ्ठी बांधा. चिठ्ठीवर कांडीचा क्रमांक, ज्योत समतोल होती की कमी ऑक्सिजनची, आणि भट्टीचं तापमान लिहा. रंग मात्र दिवसा खिडकीपाशी बघून नोंदवावा, ट्यूबलाइटखाली गुलाबी आणि जांभळे वेगळेच दिसतात.