बाळाचं खिमट: तूप किती, जिरं कधी, मीठ का नाही

सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू करायचं, आणि आपल्याकडे सुरुवात बहुधा खिमटानेच होते. एक वाटी तांदूळ आणि पाव वाटी मुगाची डाळ धुऊन, कापडावर वाळवून, मंद आचेवर भाजून बारीक दळा. जिरं त्यातच दळायची पद्धत आहे, पण पहिल्या पिठात ते नको. बाळाला काही सोसलं नाही, तर ते कशामुळे हे कळायला हवं.

एक मोठा चमचा पीठ अर्धा कप गार पाण्यात कालवा (गरम पाण्यात गुठळ्या होतात) आणि ढवळत आठ-दहा मिनिटं शिजवा. चमचा तिरका केला तर खिमट चिकटून राहावं, पाण्यासारखं ओघळू नये. नुसतं डाळीचं पाणी देण्याची चूक फार घरांत होते. बाळाचं पोट लहान असतं. ते पाण्याने भरतं आणि ताकद मात्र मिळत नाही.

तूप हवं ते याचसाठी. आईच्या दुधातली जवळजवळ निम्मी ऊर्जा स्निग्धांशातून येते, तर भात-डाळीत तो नसल्यातच जमा. पहिले तीन दिवस साधं खिमट द्या. मग गॅस बंद केल्यावर पाव छोटा चमचा साजूक तूप घाला, आठवड्याभराने अर्धा. आठव्या महिन्यात वाटीभर खिमटाला एक छोटा चमचा पुरे. त्याहून जास्त घातलं तर बाळ दोन घासांतच तोंड फिरवतं. तुपात दुधाच्या प्रथिनांचा अंश राहतो, त्यामुळे दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळाला डॉक्टरांना विचारूनच द्या. तळणीचं उरलेलं तेल अजिबात नको.

तुपानंतर भाजलेल्या जिऱ्याची पूड चिमूटभर, मग हळद. एका वेळी एकच नवा जिन्नस, तोही सकाळी, आणि पुढचा दोन-तीन दिवसांनी. रात्री काही झालं तर धावपळ होते. हिंग तुपात फुलवून, मोहरीच्या दाण्याएवढाच. बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, म्हणून गहू सोसतो हे कळल्यावरच तो घाला. अंगावर गांधी, ओठ सुजणं, पुन्हापुन्हा उलटी झाल्यास ताबडतोब दवाखाना गाठा. श्वासाला त्रास दिसला तर १०८ ला फोन करा.

वर्षापर्यंत मीठ नाही, सैंधवही नाही. जास्तीचं मीठ बाहेर टाकण्याइतकी बाळाची मूत्रपिंडं तयार झालेली नसतात. खिमट अळणी लागतं ते आपल्या जिभेला. घरचं वरण द्यायचं असेल तर मीठ-तिखट घालण्याआधीच बाळाचा वाटा बाजूला काढा. खारं बटर, चीज, बिस्किटं यांतूनही मीठ जातंच. साखर-गूळ दोन वर्षांपर्यंत टाळा.

मध मात्र वर्षाच्या आत बोटभर चाटवायलाही नको. त्यातले बोट्युलिझमचे (स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेचे) जंतुबीज घरच्या शिजवण्याने मरत नाहीत आणि बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. आजी आग्रह करत असतील तर हे कारण त्यांना नीट समजावून सांगा.