विमान भंगारात देण्याआधी: बीकन मोजा, मग कात्री बोलवा

विमान पुन्हा उडणार नाही हे ठरलं आणि भंगारवाल्याने टनाचा दर सांगितला, म्हणून लगेच कात्रीचं यंत्र आवारात आणू नका. गेल्या वेळी या यादीतली एक ओळ आमच्याकडून सुटली. ती कोणती ते कळेलच, कारण ती पुन्हा पुन्हा येणार आहे.

कागद आधी. मालकीचा पुरावा आणि विक्रीचा करार लागतो हे कुणाला सांगायला नको. घोळ होतो तो इंजिनांचा. विमान तुमचं असलं तरी पंखाखालचं इंजिन दुसऱ्याच कुणाचं असू शकतं; इंजिनं स्वतंत्रपणे भाड्याने फिरतात. लॉगबुकावर भिस्त न ठेवता इंजिनाजवळ जा, डेटा प्लेटवरचा अनुक्रमांक वाचा आणि कागदाशी ताडून बघा. 2001 च्या केप टाउन कराराखाली कर्जाचा बोजा सांगाड्यावर वेगळा आणि इंजिनावर वेगळा नोंदला जातो. तो दोन्हीकडून उतरलेला दिसल्याशिवाय पुढे सरकू नका. मग ज्या देशाची नोंदणी, तिथल्या नियामकाकडून ती रद्द करून घ्या. आणि इथेच थांबा: विमानाची नोंदणी रद्द झाली म्हणजे बीकनची झाली असं नाही. ती नोंदवही सहसा वेगळी असते.

बीकन म्हणजे ईएलटी, अपघातानंतर आपणहून सिग्नल देणारा डबा. नेहमीचा डबा शेपटीकडच्या भागात असतो, वर पाठीवर त्याचा अँटेना. आत धक्का ओळखणारा स्विच असतो आणि स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे विमानाच्या बॅटऱ्या काढल्या, सर्किट ब्रेकर ओढले, तरी तो जागाच राहतो. यंत्राच्या जबड्याने शेपूट दाबली की त्याच्या लेखी विमान कोसळलं. 406 मेगाहर्ट्झवर तो साधारण दर 50 सेकंदांनी उपग्रहाला कोड पाठवू लागतो आणि बचाव केंद्र शोध सुरू करतं. जुन्या, फक्त 121.5 मेगाहर्ट्झवर बोलणाऱ्या बीकनचा सिग्नल उपग्रह 1 फेब्रुवारी 2009 पासून ऐकत नाहीत, पण वरून जाणारे वैमानिक अजून ऐकतात. तेव्हा ‘जुनं आहे, चालेल’ म्हणू नका.

शेपटीतलं बीकन बहुतेक जण काढतात. आम्हीही काढलं होतं. राहतं ते दुसरं! केबिनमध्ये हाताने उचलून नेण्याचं एक असू शकतं, दाराजवळच्या कपाटात किंवा डोक्यावरच्या खणात. समुद्रावरून उडणाऱ्या विमानात तराफ्याच्या घडीतही एक असू शकतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणून विमानाची आणीबाणी-सामानाची यादी काढा, त्यात किती बीकन आहेत ते मोजा, तेवढे डबे टेबलावर आले का बघा. प्रत्येकाचा स्विच ऑफवर, अँटेनाची वायर सुटी, बॅटरी वेगळी. बॅटरी बहुधा लिथियमची असते, ती धातूच्या ढिगात टाकायची नाही. डब्यावरचा 15 अक्षरांचा कोड लिहून घ्या आणि त्या कोडची नोंद रद्द करा.

आता जे फुटतं आणि पेटतं ते. प्रवाशांच्या डोक्यावरचे रासायनिक ऑक्सिजन जनरेटर: पिन ओढली गेली की डबा 200 अंशांच्या वर तापतो. 1996 मध्ये मियामीहून निघालेल्या डीसी-9 च्या सामानकक्षात असेच मुदत संपलेले जनरेटर सेफ्टी कॅप न लावता भरले होते. 110 माणसं गेली. तेव्हा कॅप लावा, मगच हलवा. इंजिनाची आग विझवणाऱ्या बाटल्यांवर स्फोटक काडतूस असतं, ते आधी प्रशिक्षित माणसाने उतरवायचं. बाटलीतला हॅलॉन हवेत सोडणं म्हणजे ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल कराराखालच्या नियमांशी गाठ, शिवाय पैशांवर पाणी. परत मिळवलेल्या हॅलॉनला अजून गिऱ्हाईक आहे. आणीबाणीत दारातून उतरायच्या घसरगुंड्या फुगवणाऱ्या बाटल्या दाबाखाली असतात. (तराफा-घसरगुंडी उघडलीच आहे तर आत बीकन बघा.)

किरणोत्सर्गी वस्तूही निघतात. 1980 च्या दशकाआधीच्या 747 मध्ये शेपटीच्या समतोलासाठी डिप्लीटेड युरेनियमची वजनं बसवलेली असायची. काही डीसी-10 मध्येही होती. त्यांना करवत, ग्राइंडर काहीही लावायचं नाही, सबंध काढायची. जुन्या एक्झिट पाट्यांत ट्रिटियम असू शकतं. मोठ्या भंगार कारखान्यांच्या फाटकावर किरणोत्सर्ग मोजणारी कमान असते. ती वाजली की सबंध ट्रक परत, भाडं तुमच्या माथी.

इंधन काढा, टाक्यांत हवा खेळवा आणि गॅस मोजा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण वाफ उरते. हायड्रॉलिक तेल बहुधा फॉस्फेट एस्टर असतं, डोळ्यांत गेलं की आग होते. चष्मा आणि हातमोजे घाला. पंखाखालची इंजिनं उतरवली की भार मागे सरकतो आणि विमान शेपटीवर बसू शकतं. आधी शेपटीखाली टेकू, मग क्रेन.

विकायचे भाग काढताना प्रत्येकाला टॅग लावा. ठराविक फेऱ्यांचं आयुष्य असलेले भाग, म्हणजे इंजिनाच्या डिस्क किंवा लँडिंग गिअर, जन्मापासूनच्या नोंदींशिवाय भंगारच. आणि भंगारात जाणारा भाग पुन्हा विमानावर चढणार नाही असा मोडायला हवा. रंग फासणं, हातोडीचे घाव, बारीक भोक, मधोमध दोन तुकडे यातलं काहीही पुरत नाही. कुशल लबाड माणूस ते झाळून बाजारात आणतो. वितळवा, किंवा लहान लहान तुकडे करा, किंवा सरळ करता न येईल इतकं वाकवा. विमानाची डेटा प्लेट भंगारवाल्याच्या हाती देऊ नका. नियामक सांगेल तशी परत करा किंवा नष्ट करा.

दर ठरवताना रिकाम्या विमानाचं वजन धरू नका. ए320 चं ते साधारण 42 टन असतं, पण त्यातून इंजिनं, गिअर, आसनं, उपकरणं वजा होतात. उरलेल्यात ॲल्युमिनियमचे दोन मिश्रधातू असतात: ‘2024’ तांबं मिसळलेला आणि ‘7075’ जस्त मिसळलेला. एकत्र केले की दोन्हींचा दर पडतो. पोलादी बोल्ट राहिले तरी कटती. हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखी पोकळ) पॅनेल आणि इन्सुलेशनला बहुधा कुणी विचारत नाही, ते टाकण्याचा खर्च करारात कुणाकडे ते लिहून घ्या. घातक कचरा देशाबाहेर जाणार असेल तर बाझेल कराराची पूर्वसंमती लागते.

कापणी: यंत्राची कात्री, गॅसची ज्योत नको. पाण्याचे पाइप आणि पंप तयार ठेवा. कार्बन फायबर वेगळं, मास्क लावून. संडासाची टाकी आधी उपसा. वजनकाटा तिसऱ्याचा असावा, पावती प्रत्येक ट्रकची, फोटोसकट. तेल सांडलेली माती उचला.

आणि पहिला घाव घालण्याच्या सकाळी टेबलावरची बीकन पुन्हा मोजा.