प्रायोगिक पेप्टाइड घेण्यापूर्वी : वजन कमी करणाऱ्या नव्या औषधांची पारख कशी करावी

वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांविषयी हल्ली इतके बोलले जाते की मान्यता मिळालेले औषध, अजून चाचणीत असलेले औषध आणि चाचणीत नापास होऊन सोडून दिलेले औषध ही तिन्ही एकाच दमात सांगितली जातात. ऐकणाऱ्याला तिन्हींची नावे सारखीच अवघड आणि म्हणून सारखीच शास्त्रीय वाटतात. असे एखादे औषध कोणी सुचवले, किंवा आपल्यालाच त्याचा मोह झाला, तर सर्वांत आधी त्या रेणूचे नेमके नाव कागदावर लिहून घ्यावे. ‘चरबी जाळणारे पेप्टाइड’ हे नाव नव्हे, आणि ‘नवे जीएलपी’ हेही नव्हे. जो नाव सांगायला टाळाटाळ करतो, त्याच्याशी पुढे बोलण्याचे कारण उरत नाही.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची लहान साखळी. ५१ अमिनो आम्लांचे इन्सुलिन याच कुळातले. जेवणानंतर आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. ते मेंदूला पोट भरल्याचा संदेश देते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते आणि रक्तातील साखर वाढलेली असेल तेव्हा इन्सुलिनचा स्राव वाढवते. अडचण अशी की शरीरातील डीपीपी-४ हे विकर (एन्झाइम) त्याला अवघ्या दोनेक मिनिटांत निकामी करते, त्यामुळे या क्षेत्रातील बरीचशी मेहनत हा रेणू टिकवायचा कसा या एका प्रश्नावर खर्ची पडली आहे. गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत सापडलेल्या अशाच एका टिकाऊ पेप्टाइडवरून एक्सेनाटाइड तयार झाले आणि २००५ मध्ये अमेरिकेत मधुमेहासाठी त्याला मान्यता मिळाली. सेमाग्लुटाइडला मेदाम्लाची शेपटी जोडलेली असल्याने ते रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहते, आणि म्हणूनच आठवड्यातून एकच इंजेक्शन पुरते.

नाव हाती आले की ते कोणत्या पायरीवर आहे ते तपासावे. लठ्ठपणासाठी अमेरिकेत लिराग्लुटाइडला २०१४ मध्ये, सेमाग्लुटाइडला २०२१ मध्ये आणि टिर्झेपेटाइडला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रेटाट्रुटाइड, सर्वोड्युटाइड, तसेच कॅग्रिलिंटाइड आणि सेमाग्लुटाइड यांचे मिश्रण ही नावे गाजली ती चाचण्यांमधून, आणि त्यांची स्थिती बदलत असल्याने ऐकीव माहितीवर न विसंबता ती त्या त्या वेळी औषध नियामकाच्या यादीत पाहावी. तिसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे नापास होऊन सोडून दिलेल्या औषधांकडे, लोकांचे लक्षच जात नाही. मानवी वाढ-संप्रेरकाच्या एका तुकड्यापासून बनवलेल्या एओडी-९६०४ चे लठ्ठपणासाठीचे संशोधन अपेक्षित परिणाम न दिसल्याने २००७ मध्ये थांबवण्यात आले. तरीही तेच नाव आजही ‘नवीन शोध’ म्हणून विकले जाते. अठरा वर्षांहून अधिक काळ लठ्ठपणासाठी कोणी पुढे न नेलेला शोध नवीन कसा, हे विक्रेत्याला विचारून पाहण्यासारखे आहे.

चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवह्यांत रेणूच्या नावाने शोध घेता येतो. तिथे टप्पा (सुरुवातीची लहान चाचणी की मान्यतेपूर्वीची मोठी), सहभागींची संख्या, कालावधी आणि मुख्य मोजमाप दिलेले असते. मात्र मी म्हणेन की सर्वांत आधी कोणाला चाचणीत घेतले नाही ती यादी वाचावी. स्वादुपिंडाचा दाह होऊन गेलेले, गर्भधारणेचा विचार करणारे, विशिष्ट थायरॉइड कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास असलेले लोक बहुतेक वेळा वगळलेले असतात. आपण त्या यादीत बसत असलो, तर चाचणीचा निष्कर्ष कितीही चांगला असला तरी तो आपल्याबद्दल काहीच सांगत नाही.

यानंतर टक्केवारीकडे वळावे. रेटाट्रुटाइडच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ३३८ प्रौढ होते आणि सर्वाधिक मात्रा घेणाऱ्या गटाचे वजन ४८ आठवड्यांत सरासरी २४.२ टक्के घटले, तर प्लासिबो (औषध नसलेले दिखाऊ इंजेक्शन) घेणाऱ्या गटाचे २.१ टक्के. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत १,९६१ जण होते. ६८ आठवड्यांनंतर घट १४.९ टक्के आणि प्लासिबो गटात २.४ टक्के होती. हे आकडे वाचताना प्लासिबोचा आकडा वजा करावा, कारण आहार आणि व्यायामाचे मार्गदर्शन दोन्ही गटांना मिळालेले असते. शिवाय ही सरासरी आहे. कोणाचे वजन तिच्या दुप्पट घटते, तर कोणाचे जेमतेम हलते. मधुमेह असलेल्यांत परिणाम कमी दिसतो : सेमाग्लुटाइडची तीच मात्रा घेऊन मधुमेहींच्या चाचणीत घट ९.६ टक्के होती. आणखी एक बारकावा बातम्यांत हरवतो. काही वेळा एकाच चाचणीचे दोन आकडे दिलेले असतात, एक सर्व सहभागींचा आणि दुसरा सर्वांनी औषध न चुकता घेतले असते तर काय झाले असते याचा. कॅग्रिलिंटाइड आणि सेमाग्लुटाइडच्या मिश्रणाच्या चाचणीत हे आकडे अनुक्रमे २०.४ आणि २२.७ टक्के होते. मथळ्यात कोणता आला असेल, ते सांगायला नको.

औषध थांबवल्यावर काय होते, हा प्रश्न त्याच बैठकीत विचारावा. सेमाग्लुटाइड थांबवलेल्या सहभागींचा वर्षभर पाठपुरावा केला, तेव्हा घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले होते. म्हणजे तीन महिन्यांचा ‘कोर्स’ ही कल्पनाच या औषधांच्या स्वभावाला धरून नाही, आणि एखादे प्रायोगिक औषध तीन महिन्यांनी मिळेनासे झाले तर पुढे काय, याचे उत्तर ते विकणाऱ्याकडे नसते.

सुरक्षिततेच्या बाबतीत लहान चाचणी काय दाखवू शकते आणि काय नाही, याचा एक सोपा हिशेब आहे. एखादा दुष्परिणाम ३०० माणसांत एकदाही दिसला नाही, तरी तो प्रत्यक्षात शंभरात एकाला होत असण्याची शक्यता शास्त्रीयदृष्ट्या शिल्लक राहते. तीनला माणसांच्या संख्येने भागले की ही कमाल मर्यादा मिळते. हजारात एकाला होणारी इजा दुसऱ्या टप्प्यात दिसणारच नाही, असे म्हटले तरी चालेल. वजनाच्या औषधांनी हा धडा आधीही दिला आहे : फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपांना इजा होत असल्याने १९९७ मध्ये बाजारातून मागे घ्यावे लागले, आणि रिमोनाबँटची युरोपातील विक्री मानसिक दुष्परिणामांमुळे २००८ मध्ये थांबवावी लागली. ही दोन्ही पेप्टाइडे नव्हेत, पण दोन्ही आधी मान्यता मिळालेली होती. रेटाट्रुटाइडच्या चाचणीत हृदयाचे ठोके वाढल्याचे, २४ आठवड्यांपर्यंत वाढून नंतर उतरल्याचे नोंदले गेले. हे कळले ते केवळ कोणीतरी नियमाने ठोके मोजत होते म्हणून. चाचणीबाहेर तेच औषध घेणारा माणूसही प्रयोगातच असतो, फक्त त्याच्या प्रयोगाची वही कोणी ठेवत नाही.

आता प्रत्यक्ष कुपीकडे पाहू. रबरी बुचाची छोटी काच, तळाशी पांढऱ्या भुकटीची चकती आणि लेबलवर ‘केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’ हे शब्द. ही ओळ म्हणजे जबाबदारी झटकल्याचा कागद आहे. सोबत ‘९९ टक्के शुद्ध’ असे प्रमाणपत्र असते. ते खरे मानले तरी भुकटीतील पेप्टाइड किती शुद्ध आहे एवढेच त्यातून कळते. कुपीत लिहिले तेवढेच मिलिग्रॅम आहेत का, ती निर्जंतुक आहे का आणि जिवाणूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिन हे विष तिच्यात आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या प्रमाणपत्रात नसतात, आणि टोचून घ्यायच्या औषधात हेच तीन प्रश्न जिवाशी येतात.

त्यातही घात होतो तो मोजण्यात. इन्सुलिनच्या सिरिंजवरील खुणा युनिटच्या असतात. शंभर युनिट म्हणजे एक मिलिलिटर. भुकटी पाण्यात विरघळवल्यावर द्रावणाची तीव्रता प्रति मिलिलिटर २.५ मिलिग्रॅम झाली असेल, तर ०.२५ मिलिग्रॅमसाठी दहाव्या खुणेपर्यंत औषध ओढावे लागते. ‘०.२५’ वाचून हात पंचविसाव्या खुणेवर गेला, तर मात्रा अडीचपट होते. तीव्रतेतही चूक झाली तर किती होईल ते सांगता येत नाही. हा केवळ कागदी धोका नव्हे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२४ मध्ये, कंपनीऐवजी औषधांच्या दुकानात तयार करून कुप्यांतून दिलेल्या सेमाग्लुटाइडबाबत इशारा देताना, रुग्णांनी ठरवलेल्या मात्रेच्या पाच ते वीस पट औषध ओढल्याच्या घटना सांगितल्या होत्या. मान्यताप्राप्त सेमाग्लुटाइडही ०.२५ मिलिग्रॅमपासून दर चार आठवड्यांनी वाढवत २.४ पर्यंत नेतात. एकदम मोठी मात्रा गेली तर न थांबणारी उलटी आणि त्यातून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

तेव्हा प्रायोगिक पेप्टाइड घ्यायचेच असेल, तर त्याचा सरळ मार्ग चाचणीत सहभागी होणे हाच आहे. संमतीपत्र घरी आणून दोन दिवस वाचावे आणि सही करण्यापूर्वी संशोधकांना स्पष्ट विचारावे : प्लासिबो मिळण्याची शक्यता किती, इजा झाल्यास उपचाराचा खर्च कोण करणार, चाचणी संपल्यावर औषध मिळत राहील का, मध्येच बाहेर पडता येईल का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच असायला हवे. आपणही काही लपवू नये. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील मधुमेहाच्या गोळ्या सुरू असतील तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. टिर्झेपेटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचे शोषण कमी होते. मेड्युलरी थायरॉइड कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास असेल तर मान्यताप्राप्त सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइडही वर्ज्य आहेत. आहारविकाराचा पूर्वेतिहास सांगताना लोक संकोचतात, पण भूक मारणाऱ्या औषधाच्या बाबतीत तो सर्वांत आधी सांगावा. घटणाऱ्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो, त्यामुळे पुरेशी प्रथिने आणि वजन उचलण्याचा व्यायाम यांविषयी पहिल्याच भेटीत विचारून ठेवावे. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर भूलतज्ज्ञाला सांगावे, कारण उपाशी असूनही पोटात अन्न उरलेले असू शकते.

ज्यांनी अशी कुपी आधीच वापरली आहे, त्यांनी ती पुन्हा टोचू नये आणि भीतीपोटी डॉक्टरांपासून लपवूही नये. पोटात तीव्र दुखून ते पाठीकडे जात असेल, उलट्या थांबत नसतील, चक्कर येत असेल किंवा टोचलेली जागा लाल आणि गरम झाली असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उरलेली कुपी आणि तिचे लेबल फेकून न देता सोबत न्यावे, पाणी किती घातले, कोणत्या खुणेपर्यंत ओढले आणि कोणत्या तारखांना टोचले हे आठवेल तसे लिहून द्यावे. आठवडाभर शरीरात रेंगाळणाऱ्या औषधाचा परिणाम शेवटच्या इंजेक्शनानंतरही बरेच दिवस टिकतो, आणि पुढचे उपचार ठरवताना डॉक्टरांना त्या तारखा लागतात.