उजनीच्या पाण्याचा निर्णय खेळून बघताय? या चुका टाळा

उजनी धरणाच्या पाण्यावर बैठक बोलावली की पहिल्या दहा मिनिटांत काय होणार, हे सोलापुरात कुणीही सांगेल. माढ्याचा बागायतदार आवर्तनाचा, म्हणजे कालव्याच्या पाळीचा, हिशेब काढतो, शहरातली बाई म्हणते आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, चारीच्या टोकाचा शेतकरी उठून म्हणतो आमच्यापर्यंत पोचलंच कधी? मग जो तो आपलं बोलून घरी जातो. भूमिका-खेळ, म्हणजे कुणी शेतकरी, कुणी अधिकारी होऊन खेळायचा डाव, अशा वेळी खरंच कामाला येतो. पाणी, पिकं, पैसा आणि पाळी टेबलावर मांडली की दोन-तीन वर्षं दीड तासात जगून बघता येतात. गावात, कॉलेजात, सोसायटीत मी हे खेळ घेत आले आहे. जे डाव फसले, ते बहुतेक त्याच त्या कारणांनी फसले.

पहिली चूक पावसाची. 'दुष्काळ' असं कार्ड निघालं की धरण रिकामं, असा नियम बरेच जण करतात. उजनीला तो लागू पडत नाही. धरण आपल्या जिल्ह्यात असलं तरी ते भरतं पुण्याकडच्या घाटमाथ्यावरच्या पावसाने. सोलापूरचा स्वतःचा पाऊस वर्षाला जेमतेम 500 ते 550 मिलिमीटर, त्यातही परतीच्या पावसाची वाट बघायची. शिवार कोरडं आणि धरण तुडुंब, असं आपण पाहिलेलं आहे. म्हणून पावसाच्या कार्डांच्या दोन गड्ड्या ठेवा, एक घाटाची, एक शिवाराची. हे केलं नाही तर शेतकरी दुसऱ्याच फेरीला म्हणतो, 'ताई, असं होत नसतंय,' आणि त्यानंतर तो तुमचं काहीच मनावर घेत नाही.

साठा दाखवायला आम्ही चिंचोके वापरतो. धरणाची एकूण क्षमता साधारण 117 टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणून 117 चिंचोके. त्यातल्या 64 ना चुना लावलेला, तो मृतसाठा, म्हणजे एरवी वाटपात न धरलेलं तळाचं पाणी. उरलेले 53 वाटायचे. पांढऱ्या चिंचोक्यांना हात लावायचा तर सगळ्यांनी मिळून ठरवायचं. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी वजा 50 टक्क्यांच्याही खाली गेली होती, म्हणजे मृतसाठ्यातलंही पाणी गेलं होतं. तो आकडा सगळ्यांनी पेपरात वाचला होता, पण पहिला पांढरा चिंचोका उचलायची वेळ आली तेव्हा खोलीत कुणी बोलेना.

पैसा सोपा करून टाकणं ही दुसरी चूक. उसाला जास्त गुण, ज्वारीला कमी, आणि सगळ्यांनी ऊस लावला की 'बघा, हावरटपणा' म्हणून शिकवण द्यायची. हे अन्यायाचं आहे. उसाला ठरलेला दर असतो, न्यायला कारखाना असतो. डाळिंबात पैसा आहे, पण तेल्या रोग पडला की बाग जाते. हे सगळं खेळात आणा, गावच्या विकास सोसायटीचं पीककर्जसुद्धा. मग शेतकरी स्वतःच सांगू लागतो की कुठल्या भावाला तो उसाचं एक एकर कमी करेल. निर्णय घेणाऱ्यांना हवी असलेली माहिती ती हीच.

भूमिका वाटताना घाई नको. पहिली फेरी ज्याला त्याला स्वतःचीच भूमिका द्या, म्हणजे नियमांतल्या चुका लोकच दाखवतात. सेनेगल नदीच्या खोऱ्यात संशोधकांनी याच कारणासाठी शेतकऱ्यांना खेळात बसवलं होतं: आपलं संगणकावरचं प्रारूप खरं आहे का, हे त्यांनीच तपासावं म्हणून. दुसऱ्या फेरीला मात्र अदलाबदल कराच. एकदा नदीकाठच्या एका ऊसवाल्या काकांना शहरातल्या घराची भूमिका आली. शहराला पाणी देणाऱ्या औज बंधाऱ्यासाठी नदीत सोडलेलं पाणी पोचायला आठवडा-दहा दिवस लागतात आणि वाटेत काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारी चालू असतात. तोवर काकांच्या पुढ्यात दोनच घागरी. पहिली त्यांनी स्वयंपाकाला दिली, दुसरी हातात धरून बराच वेळ बसले. मग विचारलं, 'कपडे कवा धुवायचे?' त्या दिवशी मोटारींबद्दल जी चर्चा झाली, ती मी भाषण करून कधीच घडवू शकले नसते.

साहेब किंवा सरपंच नुसते बघायला बसले असतील तर सगळे त्यांच्या तोंडाकडे बघून खेळतात. त्यांना खेळायलाच बसवा, शक्यतो चारीच्या शेवटच्या टोकाला.

भाषेचंही तसंच. अक्कलकोटकडे कन्नड, शहराच्या पूर्व भागात तेलुगू. कार्डं पुस्तकी मराठीत छापली की विडी वळणाऱ्या बायका गप्प बसतात आणि आपण समजतो त्यांना काही म्हणायचं नाही. कार्डांवर चित्रं काढा, दुभाषी शेजारी बसवा. ज्यांना बोलवणंच राहून जातं, त्यांची जागाही आधीच मोजा: जलाशयावरचे मच्छीमार, भूमिहीन मजूर. पुण्याकडून येणारं सांडपाणी मच्छीमारांच्या जाळ्यात आधी येतं.

आणि चर्चेचा वेळ कापू नका. खेळ रंगतो, घड्याळ पुढे जातं, शेवटची एस.टी. चुकेल म्हणून लोक उठतात, आणि आपण 'छान झालं' म्हणून फोटो काढतो. अशा वेळी खेळ वाया जातो. आंध्र प्रदेशात भूजलाचे असे खेळ झाले तेव्हा काही फेऱ्या न बोलता आणि काही आपसांत बोलून खेळवल्या होत्या, शेवटी गावाबरोबर बैठक होती. तीन तास असतील तर निदान एक तास बोलण्यासाठी राखून ठेवा. चर्चा अडली तर 'काय शिकलात?' असं विचारू नका. विचारा, 'तिसऱ्या वर्षी तुम्ही पाणी का सोडलं नाही?'

निघालेल्या मुद्द्यांचं पुढे काय होणार, हे सुरुवातीलाच खरं सांगा. आवर्तनं ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीपुढे ते मांडायला कुणी तयार असेल तर नाव घेऊन सांगा, नसेल तर तसंही सांगा. खोटी आशा दाखवली की पुढच्या वेळी सतरंजीवर कुणी येऊन बसत नाही.

उठण्याआधी गळ्यातली भूमिकेची कार्डं काढून घ्या आणि प्रत्येकाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा. खेळात पाणी अडवणारा 'अधिकारी' आणि त्याच्यावर चिडलेला 'शेतकरी' एकाच बांधाचे शेजारी असू शकतात. चहा त्यानंतर द्या.