भाड्याच्या इमारतीत नाण्यावर चालणारं वॉशिंग मशीन कसं बसवावं

नाशिकमध्ये सातपूरला आमची तीन मजली इमारत आहे, सहा भाडेकरू. बहुतेक जण एमआयडीसीत पाळीवर जाणारे. पावसाळ्यात त्यांच्या खोल्यांतून दोऱ्या बांधलेल्या, कपडे दोन-दोन दिवस ओले, भिंतींना बुरशी. म्हणून खाली सगळ्यांसाठी एक मशीन बसवलं. निदान कपडे नीट पिळून तरी निघतात. तुम्हालाही बसवायचं असेल तर नाण्याच्या डबीपासून सुरुवात करू नका. आधी पाणी, सांडपाणी आणि वायर बघा.

जागा तळमजल्यावरचीच घ्या. टाकीपासून १० मीटर खाली साधारण १ बार दाब मिळतो. टाकीच्या दोनच मीटर खाली तो ०.२ बार उरतो, आणि तेवढ्यावर बरीच मशीन पाणी घेत नाहीत, एरर दाखवून थांबतात. जोडणी बोअरच्या पाण्याला देऊ नका. जड पाण्याने हीटरवर क्षाराचा थर बसतो.

सांडपाण्याची नळी जमिनीपासून ६० ते १०० सेंटिमीटर उंच अशा उभ्या पाइपात सोडायची. आमच्या प्लंबरने ती सरळ मोरीच्या जाळीवर टाकली. मशीन वरून पाणी भरतंय आणि खालून ते सायफनने वाहून जातंय, असं तासभर चाललं. वरच्या काकूंनी नळाला पाणी नाही म्हणून हाक मारली तेव्हा कुठे कळलं. उभा पाइप ड्रेनेजलाच जोडा, पावसाच्या पाण्याच्या पाइपला कधीही नाही. ते साबणाचं पाणी नाल्यातून नासर्डी नदीत आणि तिथून गोदावरीत जातं.

विजेत काटकसर अजिबात करू नका. गरम पाण्याच्या मशीनचा हीटर २ किलोवॅटच्या आसपास असतो. मीटरपासून २.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, वेगळा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच) लावा. ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून माणसं मशीनला हात लावणार आहेत, त्यामुळे अर्थिंग वायरमनकडून आपल्यासमोर तपासून घ्या. मंजूर कारणाखेरीज दुसऱ्या कारणासाठी वीज वापरली तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. म्हणून महावितरणकडे अर्ज करून या मशीनसाठी वेगळं मीटरच घ्यावं.

आता डबी. व्यावसायिक मशीनला नाण्याची सोय कंपनीकडूनच मिळते. घरगुती मशीन असेल तर टायमर असलेली डबी बाहेरून लावतात, ती वेळ संपली की वीज तोडते. कपडे धुण्याचा प्रोग्राम ६० मिनिटांचा असेल तर टायमर ७५ मिनिटांवर ठेवा. नाहीतर दार बंद, आत पाणी आणि कपडे अडकलेले. शिवाय वीज गेली-आली तर जिथे थांबलं तिथूनच पुढे चालणारं मशीन निवडा.

नाणी घ्यायची की टोकन? माझं स्पष्ट मत टोकनचं आहे. दहाच्या नाण्याचे कितीतरी नमुने चलनात आहेत. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने १४ नमुने वैध असल्याचं सांगितलं होतं. डबीला ते सगळे ओळखता येतीलच असं नाही. त्यात दहाचं आणि वीसचं नाणं, दोन्ही २७ मिलिमीटर व्यासाची. वीसचं बारा कोनी असलं तरी स्वस्त डबी गोंधळते, आणि वीस टाकणाऱ्याचे दहा बुडाले की भांडण आपल्या दारात. पितळी टोकन करून घ्या आणि भाडेकरूंना आगाऊ विका. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला सकाळी सहाला सुटे शोधावे लागत नाहीत.

दर ठरवताना आधी महिनाभर फुकट चालवा आणि मीटर लिहून ठेवा. थंड पाण्यावर आणि गरम पाण्यावर लागणाऱ्या विजेत मोठा फरक पडतो. त्या आकड्यात पाणी आणि दुरुस्तीसाठी थोडी रक्कम मिळवली की टोकनची किंमत निघते. ती भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, आणि शेजारीच दुसरी पाटी: ग्रीस लागलेले कपडे आधी हाताने धुवा. आमच्याकडे ही पाटी लागली ती एकीची पांढरी साडी खराब झाल्यानंतर.