वसईच्या तटावरून फिरायला निघताना

वसईचा किल्ला म्हणजे डोंगरी गड नव्हे, तटाच्या आत वसवलेले अख्खे शहर, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली आणि पुढे त्यांनी चर्च, मठ, वाडे यांच्याभोवती ही तटबंदी उभी केली. म्हणून इथे चढ नाही, पण चाल भरपूर. पूर्ण फेरीचा हट्ट नको. तट मध्येच ढासळलेला आहे, कुठे झुडपांनी वाट अडवलेली असते. मुलांबरोबर एकच चांगला तुकडा निवडावा. मी तरी बंदराजवळच्या सागर दरवाज्याच्या बाजूचा निवडेन, कारण खाडी, होड्या आणि तट एकत्र पाहिले की किल्ला इथेच का बांधला हे मुलांना न सांगता कळते.

दिवस थंडीतला घ्या. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ असते आणि गवतात पाऊल कुठे पडते ते दिसत नाही. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेकडून रिक्षा मिळते. स्वच्छतागृहाचे काम निघण्याआधीच उरकून घ्या. पाणी आणि डबा घरून न्यावा, सोबत थोडी सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, असू द्यावीत, मुले आवडीने खातात आणि ती सांडत नाहीत. काट्यांसाठी फुल पँट, पकड असलेले बूट, उन्हासाठी टोप्या, अंधाऱ्या खोल्यांसाठी टॉर्च आणि कचऱ्यासाठी रिकामी पिशवी हवीच. उग्र अत्तर लावू नका. अशा जुन्या भिंतींवर मधमाश्यांची पोळी असू शकतात.

फांजीवर, म्हणजे तटावरच्या चालण्याच्या वाटेवर, सगळीकडे कठडा उरलेला नाही. लहानग्यांचा हात मोठ्याने धरायचा आणि मोठ्याने स्वतः कडेच्या बाजूने चालायचे. सेल्फीसाठी चर्येवर, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या कंगोऱ्यांवर, चढणे पूर्ण बंद, यात सूट देऊ नका. आजी-आजोबांना तटावर नेण्याचा आग्रह नको. आतल्या रस्त्यालगत वसई जिंकणारे मराठा सेनानी चिमाजी आप्पा यांचे स्मारक आहे, तिथे सावलीत बसता येते.

गोष्ट मात्र तयार करून न्या. ही तयारी मला पाण्याच्या बाटलीइतकीच महत्त्वाची वाटते. १७३९ च्या वेढ्यात मराठ्यांनी तटाखाली सुरुंग पेरले, सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पाडले आणि मे महिन्यात किल्ला घेतला. तटाची जाडी डोळ्यांनी पाहिली की त्या सुरुंगांमागचे कष्ट मुलांच्या लक्षात येतात. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये जमिनीतच थडग्यांच्या कोरीव शिळा आहेत. त्यांवर उड्या मारायच्या नाहीत, हे आत शिरण्यापूर्वी सांगा. किल्लाबंदरच्या कोळीवाड्यातून जाताना वाळत घातलेल्या मासळीला हात लावू देऊ नका आणि घरांचे फोटो विचारूनच काढा.

परतीची वेळ उजेड असतानाची ठरवा. संध्याकाळी चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलला बसायला जागा मिळण्याची शक्यता तशी बरी असते. घरी पोचल्यावर मोजे आणि पँटच्या कडा नीट झटका, गवताची कुसळे त्यातच अडकलेली असतात.