हंगामात रात्री मोटारसायकल चालवताना: उजेडाइतकाच वेग

दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची काढणी होते, दिवाळीच्या सुमारास कापूस घरी येऊ लागतो आणि त्याच दिवसांत विदर्भातल्या खेड्यांच्या रस्त्यांवर संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधार पडू लागतो. वावर, बाजार, कृषी केंद्र, दवाखाना अशी सगळी कामे मोटारसायकलवरच होत असल्याने उजेडात घरी पोहोचणे रोज जमेलच असे नाही. म्हणून उशीर झाल्यावर काय करावे, हे येथे लिहीत आहे.

सर्वांत आधी आपल्या गाडीचा उजेड किती लांब जातो, ते एकदा मोजून पाहावे. वर्दळ नसलेल्या अंधाऱ्या पांदणीवर एक मळके पोते टाकावे, गाडीवर बसून डिपर (हेडलाइटचा खाली पडणारा उजेड) लावावा आणि ते पोते स्पष्ट दिसते तिथपासून गाडीपर्यंतची पावले दुसऱ्या माणसाला मोजायला सांगावीत. एक मोठे पाऊल साधारण पाऊण मीटरचे धरावे. छोट्या गाड्यांच्या डिपरवर हे अंतर बहुधा तीस-चाळीस मीटरच भरते. आता हिशेब पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक ते दीड सेकंद निघून जातो आणि त्यानंतर कोरड्या डांबरावरही थांबायला आणखी २५ ते ३० मीटर लागतात. एकूण अंतर ४५ ते ५५ मीटर, म्हणजे उजेडाच्या पलीकडचे. ताशी ४० च्या वेगाने हेच अंतर २५ ते ३० मीटरवर येते. म्हणून डिपरवर चालवताना ४० हीच मर्यादा मानावी, आणि समोर कोणी नसेल तेव्हा अपर (लांब जाणारा उजेड) लावावा. मागे माणूस किंवा खताचे पोते असेल तर गाडीचा मागचा भाग दबून उजेड वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो, त्यामुळे हेडलाइटची उंची ओझ्यासह तपासून घ्यावी.

माझ्या मते सर्वांत मोठा धोका उभ्या ट्रॉलीचा असतो. कापसाने किंवा पऱ्हाटीने भरलेली, मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली चाक पंक्चर होऊन रस्त्यातच उभी असते, आणि नेमक्या त्याच वेळी समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रखर दिव्याने आपल्याला क्षणभर काहीच दिसत नाही. अशा वेळी त्या दिव्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवावी आणि लगेच वेग कमी करावा. डोळे दिपल्यावर त्याच वेगाने पुढे जाणे म्हणजे न पाहिलेल्या रस्त्यावर स्वतःला झोकून देणे होय. ज्यांच्या घरी ट्रॉली किंवा बंडी आहे, त्यांनी मागच्या फळीवर लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवावी आणि चाकाला लावलेले दगड निघताना उचलून बाजूला टाकावेत. मागे राहिलेल्या अशाच एका दगडावरून माझी गाडी एकदा उडाली होती, आणि तेव्हापासून मी रस्त्यात दिसलेला दगड थांबून बाजूला करतो.

रस्त्यावर वाळत घातलेले सोयाबीन किंवा पसरलेले कुटार दिसले, तर त्यावर जाण्याआधीच वेग उतरवावा, हँडल सरळ ठेवावे आणि पुढचा ब्रेक दाबू नये. चाकाखालचे दाणे गोळ्यांसारखे फिरतात. ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेली काळी माती दवाने ओली झाल्यावर तिथेही असेच जपावे.

रोही (नीलगाय) पुष्कळदा कळपात असतो. एक आडवा गेला की त्याच्यामागे आणखी येतील असे समजून थांबावे. शेवटच्या क्षणी हँडल वळवून त्याला चुकवायला जाऊ नये, कारण तो कोणत्या बाजूला उडी मारेल हे सांगता येत नाही.

हेल्मेटबद्दल लोक उकाड्याची तक्रार करतात आणि ती खरी आहे. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा डोके खरोखर भाजते. त्यावर हेल्मेटखाली पातळ सुती रुमाल ओला करून बांधावा, पण जाड दुपट्टा गुंडाळू नये, कारण त्याने हेल्मेट नीट बसत नाही. आयएसआय खूण पाहूनच ते घ्यावे, हनुवटीखालचा पट्टा आवळावा आणि रात्रीसाठी काच पांढरीच ठेवावी. कायद्याप्रमाणे चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, ते लागते. वावर दोनच किलोमीटरवर असले तरी ते घालावे, कारण रोही आणि ट्रॉली त्या दोन किलोमीटरांतही असतात. मागे बसलेल्या बाईने पदर किंवा ओढणी कमरेला खोचून घ्यावी, म्हणजे ती चाकात अडकणार नाही.

एवढे करूनही कोणी पडलेला दिसला, तर आधी आपली गाडी कडेला घेऊन इंडिकेटर चालू ठेवावा, मग १०८ वर फोन करावा आणि ठिकाण सांगताना गावाच्या नावासोबत जवळचा पूल, फाटा किंवा किलोमीटरचा दगड सांगावा. जखमीचे हेल्मेट ओढून काढू नये. श्वास अडत असेल तरच एकाने मान सरळ धरून दुसऱ्याने ते हळू सोडवावे.